देखरेख म्हणजे किती जवळून?

राज्यभरातून आलेल्या डेंटल हायजिनिस्ट भगिनी-बंधूंनो,

डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले, तेव्हापासून हे गाव डॉक्टरांचे. तंबोऱ्यांचेही आहे, सवड काढून वाद्ये बनवणाऱ्यांच्या दुकानांतून एक फेरी माराच.

स्वागताध्यक्षाने पाहुण्यांचे गोडवे गावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. पण मी दंतवैद्य आहे आणि हायजिनिस्टने दंतवैद्य जवळ नसतानाही काम करावे का, हा आजचा विषय ऐकून माझ्याच काही व्यवसायबंधूंच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत. म्हणून थोडे जास्त बोलतो.

मिशरी लावणाऱ्या बाया आपण रोज पाहतो. खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाचा जाड पट्टा, हिरड्या उतरलेल्या, चूळ भरली की रक्त. दात साफ करू म्हटले तर उत्तर ठरलेले, "नको, मग दात हलतात." खरे तर हाड आधीच झिजलेले असते. कीटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. कीटण निघाले की हलणे जाणवते, एवढेच. हे पटवायला वेळ लागतो. खुर्चीवर रूट कॅनाल अर्धवट असताना तो वेळ आम्ही देत नाही. हायजिनिस्ट देते.

दात खरवडणे, साफ करणे, पॉलिश करणे आणि मुखस्वच्छता शिकवणे हे हायजिनिस्टचे काम १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानेच सांगितले. दोन वर्षांचे शिक्षण, कौन्सिलची नोंदणी, सगळे रीतसर. काम मात्र दंतवैद्याच्या देखरेखीखाली. म्हणजे दंतवैद्य तालुक्याच्या बाजारपेठेत, तर हायजिनिस्टही तिथेच.

इतरत्र असे नाही. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टला डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आयरीन न्यूमन या आपल्या सहायिकेला हे काम शिकवले. पुढे त्यांच्या विद्यार्थिनी थेट शाळांत गेल्या. कोलोरॅडो राज्याने १९८७ मध्ये हायजिनिस्टना स्वतंत्र व्यवसायाची मुभा दिली. ब्रिटनमध्ये २०१३ पासून रुग्ण दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय त्यांच्याकडे जाऊ शकतो.

"इथे अशी मोकळीक दिली तर भोंदू वाढतील," असे म्हणतात. अहो, भोंदू तर आठवडी बाजारात पथारी टाकून बसलेलाच आहे! त्याला हटवायला शिकलेले माणूस तिथवर पोचायला हवे. तरीही सरसकट मोकळीक मला मान्य नाही. आधी शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ऊसतोड कामगारांच्या वस्त्या. उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला पर्याय नाही. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम दिसली, तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे लेखी चिठ्ठी.

१९४८ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला आहे, तेव्हा मागणी नेमक्या शब्दांत मांडायची हीच वेळ. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात येईल. ज्या दंतवैद्यांचा आक्षेप आहे त्यांनी तो माईकवर मांडावा, चहाच्या टेबलावर नको. अध्यक्षांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.