वाटाण्याचं पान

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं आणि विज्ञानाची वाट दहावीतच सुटली. तरी आज वाटाण्याच्या पानावर बोलतो आहे, कारण त्या पानानं माझी एक ओळ खोटी ठरवली.

वेलाच्या टोकाला आधार शोधणारे तंतू असतात ना, तणावे, त्यांना मी 'हात' म्हटलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकलेली लेक म्हणाली, "अब्बा, हात कसले? ते पानच आहे." कुंडीतल्या वेलाचं एक पान तिनं माझ्या तळहातावर ठेवलं. तळाशी खोडाला कवटाळणारी दोन रुंद उपपर्णं, पुढे पर्णिकांच्या जोड्या, शेवटी तणावे. सगळं मिळून एकच पान! मी आजवर उपपर्णांनाच पानं समजत होतो.

कुठल्या भागानं काय व्हायचं, हे जनुकं ठरवतात. 'टेंड्रिल-लेस' जनुक बिघडलं, की तणाव्यांच्या जागी पर्णिका येतात. 'अफिला' बिघडलं, की उलट. पर्णिकांच्या जागी तणाव्यांचं जाळं. मेंडेलनं 1866 साली वाटाण्याच्या सात गुणांवरचा निबंध छापला, त्यात पानाची ही घडण नव्हती.

पण पर्णिकाच गेल्या, तर वेल जगतो कशावर? मुख्यतः उपपर्णांवर. 'अफिला'चा हुकूम त्यांच्यावर चालत नाही, त्यांची जनुकं वेगळी. त्यातलं 'कॉक्लिआटा' मला फार आवडलं. ते बिघडलं, की उपपर्ण चमच्यासारखं होतं, कधी नाहीसंच होतं, तर कधी पर्णिका-तणाव्यांसकट अख्खं पान बनून बसतं! म्हणजे उपपर्णाला उपपर्णच ठेवण्याचं काम हे जनुक करतं.

सासवडकडे मामूंचा वाटाणा पावसात लोळायचा, शेंगा चिखलात कुजायच्या. मामू चिखलातून शेंगा वेचायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. 'अफिला' वाणात तणावे एकमेकांत गुंततात, पीक उभं राहतं, वारा खेळतो. इंग्लंडात जॉन इनेस संस्थेनं 1970च्या दशकात त्यावर काम केलं. उपपर्णंही बारीक केलेला वाटाणा तिथं करून पाहिला, पण तो कमजोर निघाला. उपपर्णं रुंद ठेवलेला टिकला.

हिसारच्या कृषी विद्यापीठानं अशाच एका वाणाचं नाव ठेवलं 'अपर्णा'. पार्वतीनं तपात पानंही वर्ज्य केली, म्हणून ती अपर्णा. शास्त्रानं पाहिलं तर नाव जरा चुकलंच, उपपर्णं शिल्लक आहेत. पण नाव ठेवणाऱ्याला कवी म्हणायला माझी हरकत नाही.

'हात' मी खोडला आहे. त्या जागी दुसरा शब्द अजून सापडलेला नाही. लेक रोज विचारते.