दिवाळीचा खर्च आणि घरचा जमाखर्च

दिवाळी कधींहि अचानक येत नाहीं. तिचा दिवस पंचांगांत वर्षाच्या आरंभींच छापलेला असतो. तरीहि कित्येक सुशिक्षित घरांत ती अनपेक्षित पाहुण्यासारखी दारांत उभी राहते आणि यजमान उसनवारीचा विचार करूं लागतो. आनंद चार दिवसांचा आणि देणें मात्र होळीपर्यंत, असा हा विषम व्यवहार आहे. तो टाळावयाचा तर सणाचा बेत आणि पैशाचा बेत एकाच वेळीं केला पाहिजे.

या विचारासाठीं पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके फार बोधप्रद आहेत. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञप्रसंगीं किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा म्हणून दिले, हें त्यांत आंकड्यांनिशीं कोरलेलें आहे. दान उदार, पण मोजलेलें! जुन्नरच्या लेण्यांतील लेखांवरून असेंहि दिसतें कीं, बांबूकाम करणारे व कांसार यांच्या श्रेणी ठेवी स्वीकारीत आणि त्यांतून दरमहा ठरलेली रक्कम धर्मकार्यास देत.

नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत तर एक संपूर्ण अंदाजपत्रकच आहे. त्यानें विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा १ या व्याजानें ठेविले. वर्षाचें व्याज झालें २४०. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे होते. म्हणजे बरोबर २४०. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज उपभोगावयाचें, असेंहि त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. नव्या वस्त्रांचा खर्च कोठून यावयाचा हें आधीं ठरलें, आणि मग वस्त्रें देण्याचें वचन दिलें गेलें. आपण बहुधा याच्या उलट करतों.

आतां प्राप्तीच्या वेळेकडे पाहूं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगास आणि भीमाशंकरच्या परिसरांत महादेव कोळी बांधवांचीं अनेक गांवें आहेत. हिरडा हें तेथील रोख उत्पन्नाचें एक मोठें साधन. तो गोळा होतो उन्हाळ्यांत; भात पिकतो दिवाळीच्या सुमारास. मधला सारा पावसाळा जुन्या शिलकीवर काढावा लागतो. पूर्वेकडे मंचर व नारायणगांव येथील बाजारांत भाजीपाल्याचा पैसा वरचेवर येतो, पण टोमॅटोचा भाव एका आठवड्यांत चढतो व दुसऱ्यांत कोसळतो. मुंबईस वा पुण्यास नोकरी करणाऱ्या त्यांच्या भावाचा पगार दरमहा ठरलेला असतो, आणि दिवाळीस तो गांवीं जातो तेव्हां सारें घर त्याच्या पिशवीकडे पाहतें. एकाच कुटुंबांत प्राप्तीचे असे तीन निरनिराळे ऋतु असतात. खर्चाचा ऋतु मात्र एकच.

कर्जाची गोष्ट निघाली म्हणजे सणसमारंभांना दोष देण्याची रीत आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत याच पुणें जिल्ह्यांत, सुपें येथें शेतकऱ्यांचा उठाव झाला व सावकारांचीं कर्जखतें जाळण्यांत आलीं. त्यामागें जड सारा, अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव आणि सावकाराच्या बाजूनें झुकलेले न्यायालयाचे निवाडे हीं मोठीं कारणें होतीं. पुढें १८७९ मध्यें शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला. करंजीनें कोणाचें घर बुडालें नाहीं. परंतु ज्या घरास दुसऱ्या कारणांनीं आधींच ओढ लागलेली आहे, त्यास उसन्या पैशाची करंजीहि जड होते, हें खरें.

उदाहरणादाखल पांच माणसांचें एक घर घेऊं. दरमहा १,००० रुपये बाजूस टाकले तर वर्षाचे १२,००० होतात. त्यांची वांटणी अशी करतां येईल: फराळ ३,५००, कपडे ४,०००, ओवाळणी व भेटी २,०००, गांवचा प्रवास १,५०० आणि राखीव १,०००. आंकडे ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें बदलावे. सदरें मात्र हींच राहूं द्यावीं. विशेषतः राखीव सदर वगळूं नये, कारण ऐन वेळीं एखादा पाहुणा येतोच, किंवा तेलाचा भाव चढतोच.

समजा, यंदा आजारपणामुळें ९,००० रुपयेच जमले. मग सगळीकडे सारखी कात्री लावणें शहाणपणाचें नव्हे. कपड्यांचे ४,००० चे २,००० करावे, म्हणजे कपडे फक्त मुलांना होतील. फराळाचे ३,५०० चे २,५०० करावे. इतक्यानें ३,००० ची तूट भरून निघते. ओवाळणीस व प्रवासास हात लावावा लागत नाहीं. प्रौढांचे कपडे पाडव्याऐवजीं पुढच्या पाडव्यास, म्हणजे चैत्रांत झाले तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं.

फराळाची काटकसर पदार्थांची संख्या कमी करून साधते, प्रत निकृष्ट करून नव्हे. चकलीच्या भाजणीस साधारणतः चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, प्रत्येकीं एक वाटी मूग व उडीद, हें प्रमाण अनेक घरांत रूढ आहे. धान्य घरीं भाजून दळून आणलें तर तयार पिठाहून स्वस्त पडतें. भाजक्या पोह्यांचा चिवडा व रव्याचे लाडू यांस कढईभर तेल लागत नाहीं; चकली, शेव व शंकरपाळे यांस लागतें. म्हणून तळणीचे दोन जिन्नस निवडून एकाच दिवशीं तळावे, म्हणजे तेल पुनःपुन्हां तापवावें लागत नाहीं. ओल्या नारळाची करंजी दोनतीन दिवसांत संपविली पाहिजे, सुक्या खोबऱ्याची अधिक टिकते. जें टिकत नाहीं तें मोजून करावें. एवढें भान ठेविलें तरी वाया जाणारा फराळ पुष्कळ कमी होतो.

आतां सर्वांत नाजूक सदराकडे वळूं. भाऊबीजेस बहीण निरांजन घेऊन उभी राहते तेव्हां तिच्या तबकाकडे चार जणांची दृष्टि असते. एका भावानें शंभर टाकले, दुसऱ्यानें हजार टाकले, तर हजारांचें कौतुक होतें आणि शंभरांचा भाऊ पुढच्या वर्षीं कांहीं निमित्त काढून येतच नाहीं. बहिणीस पैशाहून त्याच्या येण्याची आस अधिक असते. पण हें तो जाणीत नाहीं, आणि तिला बोलून दाखवितां येत नाहीं. सणाच्या पायीं होणारी ही हानि कोणत्याहि वहींत मांडली जात नाहीं. यावर उपाय साधा आहे. भावांनीं आधींच एकमेकांशीं बोलून, सर्वांत कमी मिळकत असलेल्यास झेपेल ती रक्कम सर्वांसाठीं ठरवावी. ज्यास अधिक द्यावयाचें असेल त्यानें तें एरवीं, भाचरांच्या फीसाठीं, गाजावाजा न करितां द्यावें.

राहतां राहिला प्रश्न, वर्षभर सांठविलेली रक्कम ठेवावी कोठें? आपल्याकडे भिशी आहे, बायकांचे बचत गट आहेत. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांतील कार्लाईल गांवच्या एका बँकेनें १९०९ च्या सुमारास नाताळसाठीं अशीच साप्ताहिक बचतीची योजना काढली आणि ती देशभर पसरली. परंतु इंग्लंडांत ऑक्टोबर २००६ मध्यें फेअरपॅक नांवाची कंपनी बुडाली. नाताळच्या खाद्यपदार्थांच्या टोपल्या व खरेदीचीं कुपनें यांसाठीं लाखाहून अधिक लोकांनीं तिच्याकडे वर्षभर हप्ते भरले होते. ऐन सणाच्या तोंडावर त्यांचे हात रिते राहिले, आणि पैशाचा कांहीं भाग परत मिळण्यास वर्षें लागलीं. तीं माणसें उधळीं नव्हतीं; तीं काटकसरीच होतीं. त्यांची बचत बरोबर होती, ठेवण्याची जागा चुकली.

आपल्याकडे २०२० पासून बँकेंतील ५ लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे, सहकारी बँकांनाहि तें लागू आहे. पतसंस्थेच्या ठेवीस मात्र तें नाहीं. भिशीस तर ओळखीपलीकडे दुसरा आधार नसतो. भिशी सोडावी असें नव्हे, कारण तिच्या योगानें शेजार जुळतो. पण तिच्यांत तेवढेंच घालावें, जेवढें गेलें तरी चूल पेटती राहील. उरलेलें बँकेंत ठेवावें.

कार्तिकांत दिवे विझल्यावर एका कागदावर झालेला खर्च सदरवार लिहून तो देवघरांतील पंचांगांत ठेवावा. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकास दुसऱ्या कोणत्याहि आधाराची गरज नाहीं. तो कागद मुलांसमोर लिहावा, आणि आंकडेहि त्यांनाच घालूं द्यावे. घरांत किती आहे व किती नाहीं हें ज्या मुलांना कळतें, तीं मिळालेल्या लहानशा भेटीचीहि किंमत जाणतात.