रिकाम्या गाडीचे ॲव्हरेज, भरल्या गाडीचे बिल

(इस्लामपूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या कागदावर माझ्या नावापुढे 'वाहतूक खर्च' एवढेच लिहिले आहे. विषय कोरडा वाटेल. पण आज बाहेर पटांगणात ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांत पिकअप किती आहेत ते येताना मी मोजत होतो. आपल्या वाळवा तालुक्यात एके काळी बैलगाडी दारात असणे हे घर चालते असल्याचे लक्षण होते. मग मॅटाडोर आली, २००५ साली छोटा हत्ती आला, आता पिकअप आहे. बैलाला वैरण किती लागते हे आपल्या आज्ज्याला तोंडपाठ होते. पिकअपला डिझेल किती लागते हे मात्र आपल्याला कंपनीच्या छापील पत्रकावरून कळते. माझी तक्रार तिथून सुरू होते.

आधी माझीच चूक सांगतो. मी पिकअप घेतली ती कर्ज काढून. पत्रकात ॲव्हरेजचा आकडा होता. त्या आकड्याने मी हिशेब मांडला आणि गावातल्या चौघांची भाजी पुण्याच्या मार्केट यार्डात नेण्याचे भाडे ठरवले. गाडीवर गावातलाच एक पोरगा ठेवला. महिना दोन महिने गेले. डिझेलचे बिल काही केल्या जुळेना. पत्रक सांगते एवढे लिटर लागावे, आणि लागते त्याच्या दीडपट. मी काय केले? पोरावर संशय घेतला. वाटेत डिझेल काढून विकतोस, असे चार माणसांत बोललो. पोराने दुसऱ्या दिवशी किल्ली आणून ओट्यावर ठेवली आणि गेला.

मग गाडी मी स्वतः चालवायला लागलो. आमच्या मंडळींनी वही घातली. टाकी भरल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, गाडीत माल किती. दोन महिन्यांनी त्यांनी वही माझ्यापुढे टाकली आणि विचारले, "आता चोर कोण?" कारण मी चालवत असतानाही आकडा तोच होता. पोरगा प्रामाणिक होता. मी त्याच्या दारात जाऊन माफी मागितली. पण चार माणसांत बोललेला शब्द माघारी येत नसतो. म्हणून आज हा हिशेब चार माणसांत मांडतो आहे.

तर पत्रकातला आकडा येतो कुठून? तो खोटा असतो का? खोटा नसतो. तो वेगळ्या गाडीचा असतो. गाडी तीच, पण रिकामी आणि घरात उभी.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. वाहने बाजारात येण्याआधी त्यांची तपासणी जिथे होते त्या प्रमुख ठिकाणांपैकी ती एक. छोट्या गाडीची चाचणी अशी होते. गाडी रस्त्यावर जात नाही. तिची चाके रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, गाडी जागेवर राहते. वाऱ्याचा आणि रस्त्याचा अडथळा किती धरायचा ते यंत्रात भरलेले असते. ड्रायव्हरसमोर पडद्यावर रेघ असते, त्या रेघेप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचे. हा सगळा खेळ १,१८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडा कमी. अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर. वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि सरासरी ताशी ३२ च्या आसपास. एसी बंद. नळकांड्यातून निघणारा धूर गोळा करून, त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळले ते काढतात.

आता मुख्य मुद्दा ऐका. या चाचणीत गाडीचे वजन किती धरतात? रिकाम्या गाडीचे वजन अधिक दीडशे किलो. म्हणजे ड्रायव्हर आणि एखादा सोबती. प्रवासी मोटारीला हे एक वेळ चालेल. पण पिकअप आपण दोन माणसे पुण्याला नेण्यासाठी घेतो का? ती विकली जाते मालासाठी, जाहिरातीत दिसते पोत्यांनी भरलेली, आणि ॲव्हरेज सांगतात ते जवळजवळ मोकळ्या गाडीचे!

गंमत अशी की मोठ्या ट्रकच्या बाबतीत सरकारला ही अक्कल सुचली आहे. १२ टनांवरच्या अवजड वाहनांसाठी २०१७ साली इंधनाचे निकष जाहीर झाले तेव्हा चाचणी पूर्ण भारासह, ताशी ४० आणि ६० या स्थिर वेगाने घ्यायची असे ठरले. त्याच साली प्रवासी मोटारींच्या कंपन्यांनाही सरासरीचे निकष लागू झाले. मधली पिकअप, जिच्यावर शेतकऱ्याचा माल जातो, ती तेवढी दोन्हींकडून सुटली.

आता आपला रस्ता बघा. इस्लामपुरातून पेठ नाका, तिथून कऱ्हाड, सातारा, खंबाटकी घाट, शिरवळ आणि पुणे. एका बाजूला सुमारे दोनशे किलोमीटर. या रस्त्यावर डिझेल कुठे कुठे जाते?

पहिले, वजन. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. एवढे वजन शंभर मीटर वर चढवायला साधारण पाव लिटर डिझेल लागते. घाट उतरताना ते परत मिळत नाही, ब्रेक तापण्यात जाते. चाचणीच्या रुळांवर घाट नाही.

दुसरे, वारा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गेलात तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण अडथळा पाऊणपटीहून जास्त वाढतो. वर क्रेट रचून ताडपत्री फडफडत असेल तर विचारूच नका.

तिसरे, थांबणे. टोलनाक्याची रांग, रुंदीकरणासाठी काढलेला वळणरस्ता, बाजाराच्या दारात पहाटेची खोळंबा. इंजिन चालू, चाके बंद. त्या वेळचे ॲव्हरेज शून्य.

चौथे, गाडीची निगा. टायरात हवा कमी, एअर फिल्टर धुळीने भरलेला. आणि २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवण्याची जाळी असते. ती साफ करायला गाडी अधूनमधून जादा डिझेल जाळते. सारख्या जवळच्या आणि हळू फेऱ्या असतील तर ही साफसफाई पुरी होत नाही आणि पुन्हा पुन्हा करावी लागते.

आता पैशाचा हिशेब. आकडे सोपे जावेत म्हणून गोल धरतो. जाऊन येऊन ४२० किलोमीटर. डिझेल ९० रुपये लिटर. पत्रक म्हणते लिटरला १५. म्हणजे २८ लिटर, २,५२० रुपये. प्रत्यक्षात जाताना भरलेली गाडी ९ देते आणि येताना रिकामी १३ देते. आपण काय म्हणतो? सरासरी ११. इथेही आपण फसतो. किलोमीटरची सरासरी काढायची नसते, लिटर मोजायचे असतात. जाताना २१० भागिले ९, म्हणजे २३.३ लिटर. येताना २१० भागिले १३, म्हणजे १६.२ लिटर. एकूण ३९.५ लिटर. खरे ॲव्हरेज १०.६, आणि बिल ३,५५५ रुपये. पत्रकापेक्षा १,०३५ रुपये जास्त. गाडीत १,२०० किलो माल असेल तर किलोमागे ८६ पैसे. वर्षात ८० फेऱ्या केल्या तर ८२,८०० रुपये. हे पैसे कोणी चोरले नाहीत. ते आपण धरलेच नव्हते.

परक्या गाडीचे भाडे निदान पट्टीवर कापलेले दिसते. घरच्या गाडीचे दिसत नाही, म्हणून ते फुकट वाटते. घरची माणसे राबली ती फुकट, घरचे शेणखत फुकट, घरची गाडी फुकट. ही जुनी खोड आहे आपली. दुसऱ्याने आपला उत्पादन खर्च कमी धरला की आपण रस्त्यावर येतो, आणि घरात आपणच तो कमी धरतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपात अभ्यासकांनी मोजले तेव्हा कागदावरचा आणि रस्त्यावरचा फरक २००१ च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आत होता, तो २०१५ पर्यंत चाळीस टक्क्यांवर गेला. ओरड झाली, तेव्हा २०१७ पासून तिथे चाचणी बदलली. अमेरिकेत २०१२ साली दोन मोटार कंपन्यांना सुमारे नऊ लाख गाड्यांचे जाहीर केलेले आकडे खाली आणावे लागले आणि ग्राहकांना भरपाई द्यावी लागली. पण त्याच अमेरिकेत, ज्या पिकअपचे मालासह कमाल वजन ८,५०० पौंडांहून, म्हणजे पावणेचार टनांहून जास्त, तिच्यावर ॲव्हरेजची चिठ्ठी लावण्याची सक्ती नाही. आपल्याकडे केरळात त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ साली एका मोटारीच्या प्रकरणात निकाल दिला. जाहिरातीत लिटरला ३२, तज्ज्ञाने रस्त्यावर मोजले तर १९.६. कंपनी आणि विक्रेत्याला मिळून ३ लाख १० हजार रुपये द्यायला सांगितले. तो निकाल मिळाला कारण कोणीतरी धरून बसले आणि मोजमाप झाले.

म्हणून मोजमापाची रीत सांगतो. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीवर पुन्हा फुल करा. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. एकदा करून भागत नाही, पाच वेळा करा. भरलेली फेरी आणि रिकामी फेरी वेगळी लिहा. किलोमीटरचा काटा बरोबर आहे का हे रस्त्याकडेच्या दगडांवरून ताडून बघा. २०१७ पासून डिझेलचा दर रोज बदलू शकतो, म्हणून दरही लिहा. वही गाडीत ठेवा, आणि घरातले जे माणूस हिशेबाला पक्के आहे त्याच्या ताब्यात द्या. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे घरची बाई असते.

दुसरे, 'ॲव्हरेज किती' हा प्रश्न सोडा आणि 'किलोमागे डिझेल किती' हे विचारा. छोटी गाडी १४ देते पण माल नेते ७५० किलो. तेवढ्याच फेरीला ३० लिटर. मोठी १० देते पण नेते १,५०० किलो, लागले ४२ लिटर. छोटीत दर शंभर किलोला ४ लिटर, मोठीत २.८. म्हणजे कमी ॲव्हरेजची गाडी स्वस्त पडली, पण ती भरून गेली तरच. दोघांच्या अर्ध्या गाड्या एका वाटेने जाण्यापेक्षा एक भरून न्या. मात्र पासिंगच्या वजनावर जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो. सगळ्या वर्षाची बचत एका नाक्यावर जाईल.

तिसरे, मागणी. आपली मागणी अनुदानाची नाही, सवलतीची नाही. माल वाहण्यासाठी विकली जाणारी गाडी मालासह तपासा, आणि रिकाम्या व भरल्या गाडीचे असे दोन आकडे पत्रकावर सारख्याच अक्षरांत छापा. एवढेच. खताच्या पोत्यावर आत काय आहे ते छापतात, मग लाखो रुपयांच्या गाडीवर खरा आकडा का नको?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गाडीवाल्याने आपली वही आणावी. पन्नास वह्या एका टेबलावर आल्या तर आपल्याजवळ आपलाच आकडा होईल. आणि तोवर, बिल जुळले नाही म्हणून कोणी आपल्या ड्रायव्हरला चोर म्हणू नका. आधी वही उघडा.