भाजण्याआधी

 

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, बाईनं चाकाला हात लावू नये असं मानणाऱ्या कुंभारआळीत माझे पहिले गुरू अण्णा यांनी मला चाकावर बसवलं, त्याला चाळीस वर्षं झाली. मी केलेलं मडकं ते उजेडात फिरवून बघायचे आणि काही न बोलता पाण्याच्या टाकीत सोडायचे. सकाळी तळाशी नुसता चिखल. तो मळून पुन्हा चाकावर. सहा महिन्यांत माझं एकही मडकं आव्यापर्यंत, म्हणजे कुंभाराच्या भट्टीपर्यंत, पोचलं नाही. मी रडायचे.

पुढे कॉलेजात नेमकं उलटं शिकले. केलं ते भट्टीत घाला, बघू काय होतं. आधी बिस्किट, म्हणजे पहिली भाजणी, मग ग्लेझचा काचेसारखा लेप देऊन दुसरी, म्हणजे दोनदा भट्टी. वर्ष संपलं की इमारतीमागे वाकड्या, तडकलेल्या भांड्यांचा ढीग. तो ढीग बघून मला अण्णांची टाकी आठवायची. कच्ची माती पाण्यात विरते. पण साधारण ६०० अंशांपर्यंत तापली की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती पुन्हा माती होत नाही. संगमनेर तालुक्यात जोर्वे इथं तीन हजार वर्षांपूर्वीची खापरं सापडली. तांबड्या अंगावर काळी नक्षी, वाजवली तर अजून खणखणतात. आपलं फसलेलं भांडंही तेवढंच टिकणार आहे.

एका मोठ्या प्रदर्शनातून माझी कामं परत आली होती. घोटून चकाकी आणलेली, ग्लेझ नाही, ८५० अंशांवर एकदाच भाजलेली. शेरा होता : हे कुंभारकाम आहे, कला नाही. त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. १२८० अंशांचं स्टोनवेअर तेवढं उच्च! आपल्या व्यवसायानं मातीतसुद्धा तापमानावरून जात पाडली. धुरातही तोच भेद. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या धुराबद्दल सगळे बोलतात. तिथे चिंध्या जळतात, कारण लाकूड परवडत नाही. आपल्या स्टुडिओतली भट्टी विजेवर चालते, तिचा धूर चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. तो आपल्या हिशेबात कुणी धरत नाही.

ग्लेझ लागलेले हात आणि ब्रश बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या. ग्लेझमधलं कोबाल्ट, मँगनीज बेसिनमधून नाल्यात जाता कामा नये. हे तुमच्या शिक्षकांनी सांगितलंच असेल. मला एवढंच पुन्हा पुन्हा सांगायचंय की भट्टी भरण्याआधी प्रत्येक भांडं हातात घ्या, हे भाजण्यालायक आहे का ते ठरवा, आणि नसेल तर मोडा. भट्टीत जागा उरलीय म्हणून काहीही आत सारू नका.

अण्णांनी माझं पहिलं मडकं आव्यात ठेवलं त्या दिवशीही ते काही बोलले नाहीत. ते मडकं आजही माझ्या ओट्यावर आहे, त्यातलंच पाणी पिऊन मी इथे आले.

तुमच्या फळ्यांवर आत्ता भांडी वाळत असतील. समारंभ संपला की तिकडे जा, आणि मन खात असेल ते आजच पाण्यात सोडा.