भामरागडात कॉफी लावावी काय?



अलीकडे गावात गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, आंध्रातल्या डोंगरातले आदिवासी कॉफी पिकवतात, ती परदेशात जाते. मग आपण का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्यावर आज बोलू या.

ऐकलं ते खरं आहे. पूर्व घाटातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी झाडांच्या सावलीत अरेबिका जातीची कॉफी घेतात. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१७ साली तर थेट पॅरिसमध्ये तिचं दुकान उघडलं. लांबचे खरेदीदार अवघड वाट तुडवून अशा गावांपर्यंत येतात आणि एकेका वाडीचा माल वेगळा मागतात.

पण अराकूचे मळे समुद्रसपाटीपासून साधारण ९०० ते १,१०० मीटर उंचीवर आहेत. आपल्या महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याला. तेही सुमारे १,१०० मीटरवर. अरेबिकाला थंडावा लागतो. आपली बहुतेक गावं इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम यांच्या काठची, सखल. मे महिन्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगावं! शिवाय लावल्यावर तीन-चार वर्षं फळ नाही. तेव्हा कोणी गाडीत रोपं घालून आला आणि "लावा, माल आम्हीच उचलू" म्हणाला, तर पैसे मोजू नका. आधी कृषी कार्यालयात येऊन विचारा. हौस म्हणून परसात दोन रोपं लावलीत तर माझी ना नाही, पण त्यासाठी धानाची बांधी मोडू नका आणि कर्ज तर मुळीच काढू नका.

मग अराकूकडून घ्यायचं काय? त्यांची रीत घ्यायची. ते फक्त लाल पिकलेलं फळ तोडतात, हिरवं झाडावर ठेवतात. फळ पाण्यात टाकून तरंगलेलं पोकळ फळ बाजूला काढतात. जमिनीपासून उंच मांडवावर वाळवतात. वेगळा माल वेगळ्या पोत्यात भरतात. भाव मिळतो तो या मेहनतीला.

आता आपल्या चारोळीकडे पाहा. चार एप्रिल-मे महिन्यात पिकून काळी होते. पण "मी नाही तोडली तर शेजारी तोडेल" या धास्तीनं आपण हिरवीच ओरबाडतो, कुणी तर फांदीच खाली पाडतो. हिरव्या फळाचा दाणा सुरकुततो, वजन भरत नाही, आणि पुढच्या सालचं फळ तोडल्या फांदीबरोबर गेलं. यावर एकट्यादुकट्याचा इलाज नाही. ग्रामसभेनं तोडणीचा दिवस ठरवावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर तुमचा हक्क मान्य केला आहे, आणि १९९६ च्या पेसा कायद्यातही तो आहे. त्यामुळे असा ठराव करायला कुणाच्या तोंडाकडे पाहायला नको.

पिकलेली फळं रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी चोळून साल काढा, दोन पाण्यांनी धुवा, तरंगलेल्या बिया वेगळ्या करा. मातीवर पसरू नका. बांबूच्या ताटव्यावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर कडक वाळवा. जात्यावर हलक्या हातानं भरडलं तर दाणा अख्खा निघतो. तुकड्याला व्यापारी भाव पाडतो. दाणा तेलकट असतो, म्हणून सगळा एकदम फोडून ठेवू नका, खवट होतो. बी कवचात असली की टिकते. गिऱ्हाईक ठरलं की फोडा.

पाच किलो वाळल्या बियांतून दाणा जेमतेम किलोभर निघतो. आठवडी बाजारात पायलीच्या मापानं बी देताना हा हिशेब डोक्यात असू द्या. पूर्वी मिठाच्या बदल्यात चारोळी जायची, ते म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. आता काट्यावर मोजूनच द्या, आणि दहा घरांचा माल एकत्र करून आदिवासी विकास महामंडळाचा भाव आधी विचारून घ्या. मग व्यापाऱ्याशी बोला. नमुना म्हणून अर्धा किलो अख्खा दाणा डब्यात घालून वर गावाचं नाव आणि तोडणीचा महिना लिहून ठेवा.

पुढच्या भाषणात मोहफुलं झाडाखाली आग न लावता कशी वेचावी, ते सांगेन. नमस्कार.