विष हलविणे म्हणजे सफाई नव्हे

(बोरगाव मेघे, जि. वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहावयास आले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर घेतलेल्या कामांपैकी एक काम शेजारच्या सिंदी गावची घाण काढण्याचे होते. मीराबेन, महादेवभाई देसाई आणि इतर मंडळी सकाळी उठून त्या गावच्या वाटेवरचा मैला उचलीत. सिंदी हे बोरगावचे शेजारचे गाव, म्हणून ही आठवण येथे काढावयाची. त्या सफाईमागे भक्तिभाव होता तसे शास्त्रही होते. मैला उथळ चरात टाकून वर माती लोटली की काही महिन्यांत त्याचे सोनखत होते. मातीच्या पोटात गेलेली घाण नुसती नाहीशी होत नाही, तर पिकाच्या कामी येते, हा शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्या चरांमागे उभा होता.

आज ज्या घाणीचा विचार करावयाचा आहे ती नेमका हा अनुभव खोटा ठरविणारी आहे. क्रोमियम, पारा, शिसे, रंगाच्या कारखान्यातील आम्लयुक्त गाळ, कीटकनाशकांचे उरलेसुरले साठे यांतील काही कधीच कुजत नाहीत आणि काही इतके सावकाश कुजतात की माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात ते न कुजल्यासारखेच. माती त्यांना पचवीत नाही. ती त्यांना धरून ठेवते आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे खालच्या पाण्याला देत राहते. वास येत नाही, माशा घोंगावत नाहीत, कित्येकदा पाण्याचा रंगसुद्धा बदलत नाही. येथे झाडू आणि बादली पुरी पडत नाही. पाणी तपासणारी प्रयोगशाळा हवी, जमिनीच्या थरांचा नकाशा हवा, दहावीस वर्षे आटणार नाही असा पैसा हवा, आणि ज्याने विष ओतले त्याला दारातून बाहेर खेचण्याचा अधिकार हवा. म्हणजे हे काम शासनाचेच. त्याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो शासनाने ते कोणाच्या खर्चाने, कोणाच्या हातांनी आणि कोणाला विचारून करावयाचे याविषयी.

केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. भोपाळला चाळीस वर्षे उलटून गेल्यानंतर या देशात प्रथमच अशा जागा शोधण्याची आणि साफ करण्याची एक ठराविक रीत कायद्याच्या भाषेत उतरली, हे मान्य केले पाहिजे. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यावा. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने तीन महिन्यांत प्राथमिक तपासणी करावी. आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करावी. जबाबदार व्यक्ती हुडकून तिच्याकडून खर्च वसूल करावा. ती सापडत नसेल किंवा भरू शकत नसेल तर केंद्र व राज्य यांनी तो सोसावा. रीत चांगली आहे. परंतु तपासणीला मुदत घालणाऱ्या या नियमांनी जागा प्रत्यक्ष निर्धोक करून देण्याला मुदत घातलेली नाही. नियम निघाले तेव्हा देशात अशी १०३ ठिकाणे निश्चित झाली होती आणि त्यांपैकी अवघ्या सात ठिकाणी काम सुरू झाले होते. या आकड्यांवरून मुदतीचे महत्त्व कळावे.

दुसरी उणीव बोरगावकरांच्या अधिक जवळची आहे. किरणोत्सारी पदार्थ, खाणी, समुद्रातील तेल आणि नागरी घनकचऱ्याची डेपो यांना स्वतंत्र कायदे आहेत, असे कारण देऊन त्यांना या नियमांतून सामान्यतः वगळलेले आहे. बोरगाव मेघे हे जनगणनेच्या दप्तरी शहर आहे आणि कारभाराने ग्रामपंचायत आहे. वर्धा नगर परिषदेची हद्द संपते तेथे घरे संपत नाहीत. वस्ती सलग पुढे मेघे गावांत शिरते. अशा गावात कचरा शहरासारखा निघतो, उत्पन्न मात्र गावाचे. फुटलेली ट्यूबलाइट, संपलेल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या हे सारे एकाच ढिगात जाते, आणि तो ढीग 'नागरी' म्हणून एका कायद्याखाली व त्यातून झिरपणारे पाणी कोणत्याच कायद्याखाली नाही, अशी अवस्था होते. मुरुमाच्या सोडलेल्या खड्ड्यात, नाल्याच्या काठी रात्री कोणी काय आणून ओतले याची नोंद कोणी ठेवायची? नगर परिषद म्हणते हद्द आमची नव्हे. पंचायत म्हणते माणसे आमच्याकडे नाहीत. मंडळाचे कार्यालय तक्रार येण्याची वाट पाहते.

आता थोडे बोरखेडीकडे वळू. वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या गाडीला सिंदी सोडल्यावर बुटीबोरीच्या अलीकडे हे छोटे स्टेशन लागते. तेथे संरक्षण संशोधन खात्याची भट्टी आहे. भोपाळच्या बंद कारखान्याच्या गोदामांत पडून राहिलेला सुमारे साडेतीनशे टन विषारी कचरा याच भट्टीत जाळावा, असा आदेश २०११ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिला होता. त्याआधी तो गुजरातेत अंकलेश्वरला न्यावयाचे ठरले होते. गुजरातने अंग काढून घेतले. बोरखेडीचे नाव निघताच विदर्भात विरोध उभा राहिला, महाराष्ट्र सरकारने नकार दिला, आणि प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१२ मध्ये तो कचरा विमानाने जर्मनीला नेण्याची बोलणी झाली आणि मोडली. शेवटी इंदूरजवळचे पीथमपूर उरले. २०१५ साली तेथे दहा टन कचरा जाळून चाचणी झाली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनरांचा ताफा भोपाळहून निघाला. दोन दिवसांत पीथमपुरात लोक रस्त्यावर आले आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली जूनअखेर ३३७ टन कचरा जाळून संपला. तो जाळताना चुना वगैरे मिसळावा लागला, त्यामुळे मागे राख व अवशेष उरले ते आठशे टनांहून अधिक. आता ही राख कोठे पुरावयाची, याचा वाद पुन्हा न्यायालयात गेला.

विदर्भातील कार्यकर्त्यांनी या प्रकरणाचा अभिमान जरा जपून बाळगावा. बोरखेडीला झालेला विरोध रास्त होता. ज्या भट्टीची त्या कामासाठी नीट चाचणी झालेली नाही, जिच्या धुराचे मोजमाप गावाला दाखविलेले नाही, तेथे भोपाळचे विष का यावे? पण 'आमच्याकडे नको' एवढ्यावर विरोध थांबला की विष नाहीसे होत नाही. ज्या गावाचा आवाज सर्वांत कमी, तेथे ते मुक्कामाला जाते. विदर्भाने नाही म्हटले, गुजरातने नाही म्हटले, जर्मनीने नाही म्हटले. पीथमपूरच्या गावकऱ्यांनीही नाही म्हटले, पण त्यांचे कोणी ऐकले नाही.

आणि या साऱ्या प्रवासात एक गोष्ट झाकली गेली. गोदामातील ३३७ टन म्हणजे भोपाळचे दूषण नव्हे. नागपूरच्या नीरी या संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर २०१० साली केलेल्या अभ्यासात कारखान्याच्या आवारातील दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टन होता. ती माती अजून तेथेच आहे. जे गोणीत भरता येते, ट्रकवर चढविता येते, ज्याचे छायाचित्र घेता येते, तेवढ्याची 'सफाई' झाली. शासकीय कार्यक्रमाचा हा मोह सर्वत्र आढळतो, कारण ट्रक मोजता येतात आणि भूजल मोजण्याला चिकाटी लागते. वास्तविक काही जागी उपसा करण्याची गरजच नसते. विषारी क्रोमियमवर लोहाचे क्षार वापरून त्याचे कमी घातक रूप करता येते. काही जागा वरून अभेद्य थर देऊन जागच्या जागी बंदिस्त कराव्या लागतात. मात्र अशा प्रत्येक जागेभोवतीच्या विहिरी पुढे वर्षानुवर्षे तपासाव्या लागतात, आणि उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर ते काम करण्यात कोणाला रस उरत नाही.

पैशाचा प्रश्न यालाच चिकटलेला आहे. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे एकवीस हजार टन रसायने एका जुन्या कालव्यात पुरली, वर माती लोटली आणि ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. वर शाळा झाली, भोवती कामगारांची घरे झाली. १९७८ साली तळघरांतून विष वर येऊ लागले तेव्हा लोइस गिब्ज नावाच्या गृहिणीने शेजारणींना घेऊन दारोदार आजारांची नोंद केली, आणि त्या खटाटोपातून १९८० चा 'सुपरफंड' कायदा निघाला. त्या कायद्याचा कणा असा की बेवारस जागांच्या सफाईसाठी तेल आणि रसायन उद्योगांवरच कर बसविलेला होता. १९९५ साली तो कर संपू दिला गेला. निधी आटला, कामे रेंगाळली आणि भार सर्वसामान्य करदात्यावर आला. २०२१ च्या कायद्याने रसायनांवरचा कर परत आणला. भांडवलाच्या पंढरीतही हे शहाणपण सव्वीस वर्षांनी परतले, एवढीच नोंद पुरे.

भारतात याहून सोपी संधी हाती होती. २०१० साली कोळशावर टनामागे पन्नास रुपये उपकर बसला. २०१६ पर्यंत तो चारशेवर गेला. त्यातून स्वच्छ ऊर्जा निधी उभारावयाचा आणि विषारी जागांच्या सफाईलाही त्यातून हातभार लावावयाचा असे ठरले होते. २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींहून अधिक रक्कम गोळा झाली. त्यातील सुमारे २९ हजार कोटीच निधीकडे वर्ग झाले, आणि प्रत्यक्ष कामांना मिळाले ते सोळा हजार कोटींच्या आत. २०१७ मध्ये हा उपकर राज्यांच्या जीएसटी भरपाईत विरघळून गेला आणि २०२५ च्या सप्टेंबरात कोळशावरील ती भरपाईही संपली. चंद्रपूर आणि वणीचा कोळसा ज्या मुलखातून निघतो त्या मुलखाने हा हिशेब विचारावयास हवा होता. तो फारसा कोणी विचारला नाही.

'दूषण करील तो भरील' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात १९९६ सालीच ठणकावून सांगितले आहे. रंगद्रव्याच्या कारखान्यांतील गाळामुळे तेथील विहिरींचे पाणी काळपट झाले होते. खटला १९८९ चा, निकाल १९९६ चा, आणि सदतीस कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरावी असा अखेरचा हुकूम निघाला २०११ मध्ये. बावीस वर्षे! तेवढ्या काळात त्या विहिरींवर पाणी भरणाऱ्या मुलींच्या मुली पाणी भरू लागल्या असतील. म्हणून आधी सफाई, नंतर वसुली, हा क्रम हवा. आणि त्यासाठी उद्योगांवरच्या करातून आधीपासून साठविलेला, अन्यत्र वळविता न येणारा निधी हवा.

शेवटी हातांचा विचार. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी वर्धा जिल्ह्यातच पुलगावजवळ, सोनेगाव आबाजीच्या शिवारालगत, निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट झाला. सहा जण मेले. त्यांत बहुतेक जवळपासच्या गावांतील रोजंदार मजूर होते. पेट्या उतरविण्याच्या कामावर गेलेले. मुदत संपलेला दारूगोळा हाही एक घातक कचराच, आणि देशातील सर्वांत शिस्तबद्ध खात्याच्या मैदानावर तो हाताळावयास अखेर कंत्राटी मजूरच उभा होता. विषारी जागांच्या सफाईची कंत्राटे आता निघतील. मैला उचलणारा समाज कोणता होता हे सिंदीत जाऊन बसलेल्यांना ठाऊक होते. ड्रम उचलणारा समाज कोणता असेल हेही सांगावयास ज्योतिषी नको. कंत्राटात मजुराची वैद्यकीय तपासणी, त्याच्या रक्तातील शिशाची व इतर विषांची नोंद, काम संपल्यावर पुढील अनेक वर्षे उपचाराची हमी, या अटी आधीच घालून घेतल्या नाहीत तर मागाहून त्या मागणारा मजूर सापडणारही नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या मुकादमाकडे गेलेला असेल.

करावयाचे काय? जिल्हाधिकाऱ्यांच्या सहामाही अहवालात 'निरंक' हा शब्द जाऊ नये, एवढे पहिले काम. बोरगाव, सिंदी, सावंगी, पिपरी या गावांतील कार्यकर्त्यांनी विहिरी आणि बोअर यांची यादी करावी. जुन्या माणसांना विचारून सोडलेले खड्डे, बंद पडलेले कारखाने, ढीग यांच्या जागा गट क्रमांकासह टिपाव्यात. ज्या पाण्याची चव बदलली अशी तक्रार आहे त्याचे नमुने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा शासकीय प्रयोगशाळेत द्यावेत. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते, नुसत्या पिण्यायोग्यतेच्या दाखल्यात ती येत नाही. यादी ग्रामसभेच्या ठरावाने मंजूर करून ठरावाची नक्कल जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांकडे देऊन पोच घ्यावी. नगर परिषदेतील सभासदांना त्याच बैठकीस बोलवावे, म्हणजे हद्दीचा वाद समोरासमोर होईल. आणि एखाद्या ढिगातील माल हलविण्याची निविदा निघाली, तर तो कोणत्या गावी जाणार आहे हे आधी विचारून त्या गावच्या सरपंचाला पत्र टाकावे. पीथमपूरला असे पत्र कोणी टाकले नव्हते.