जळकं ऑइल कुठं द्यायचं?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आता घरोघरी मोटारसायकल आहे, कुठं ट्रॅक्टर, कुठं डिझेल इंजिन. ऑइल घरीच बदललं की मजुरी वाचते. पण निघालेलं जळकं ऑइल जातं कुठं? बांधाला, गटारीत, नाहीतर चुलीत. गटारीतलं ऑइल ओढ्याला आणि विहिरीला मिळतं. पाण्याचा हंडा आपल्याच डोक्यावर असतो, म्हणून हा विषय आपला आहे.

या ऑइलमध्ये इंजिन झिजून आलेले धातूचे कण असतात. गुरांच्या जखमेला, गोचिडांवर ते लावू नका; जनावर अंग चाटतं. चुलीत टाकलं तर विषारी धूर आपल्याच छातीत जातो.

मग करायचं काय? इंजिनाखाली जुनं घमेलं ठेवा. ऑइल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर 'जळकं ऑइल' लिहा. त्यात पाणी, रॉकेल, डिझेल मिसळू नका. पोराबाळांच्या हाती लागू देऊ नका.

बाजारच्या दिवशी कॅन तालुक्याला न्या. सर्व्हिस सेंटर, ट्रॅक्टरचं वर्कशॉप, मोठं गॅरेज इथं विचारा, "तुम्ही जळकं ऑइल घेता का? पुढं परवाना असलेल्या कारखान्याला देता का?" असे कारखाने ते शुद्ध करून पुन्हा वापरात आणतात. कुणी दोन पैसे देईल, कुणी देणार नाही; पण विहीर वाचेल. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. कुणीच घेत नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात चौकशी करा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं ठरवावं, गॅरेजवाल्याला विचारायला कोण जाणार. तिचं नाव इतिवृत्तात लिहा.